झिलई कुठून येते? निर्मला पटवर्धन यांचं काम आणि आपल्या मुलखातली राख

(भोर इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न जोडले आहेत.)

भोरची माणसं आहेतच, पण वेल्ह्याकडूनही, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिकडूनही, बरेच जण आलेत. बरं वाटलं.

आजचा विषय ‘मातीच्या भांड्यांची सजावट’ असा आहे. सजावट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? आधी भांडं तयार होतं आणि मग त्यावर कुणीतरी फुलंपानं काढतं. लग्नघराला मांडव घालतात तसं. घर आधीपासून असतंच, मांडव चार दिवसांचा. मला आज या समजुतीशी जरा भांडायचं आहे. त्यासाठी मी पुण्याच्या एका स्टुडिओ कुंभाराच्या, निर्मला पटवर्धन यांच्या कामाचा आधार घेणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पटवर्धनबाईंचं सगळ्यात मोठं काम एखादं भांडं नाही, तर त्यांचं पुस्तक आहे. आणि ते काम अजून अर्धंच झालेलं आहे. उरलेलं अर्धं त्यांच्याकडून व्हायचं नव्हतं, ते आपल्याकडून व्हायचं आहे. हे म्हणणं पटतं का, ते तुम्ही शेवटी ठरवा.

आधी थोडं त्यांच्या वाटचालीबद्दल. जन्म १९२८चा. कलेचं शिक्षण शांतिनिकेतनात. तिथून पुढे जर्मनीत स्टुटगार्टला मातीकामाचं शिक्षण, आणि मग इंग्लंडमध्ये रे फिंच आणि बर्नार्ड लीच यांच्याकडे काम. ही तीन ठिकाणं नुसती बायोडेटातली नावं म्हणून घेऊ नका. प्रत्येक ठिकाणी ‘भांड्याचं वरचं अंग’ या गोष्टीकडे बघायची नजर वेगळी होती.

शांतिनिकेतनात अलंकरणाला मान होता. आपल्याकडे जशी रांगोळी, तशी तिकडे अल्पना. ती तिथे कलाशिक्षणाचा भाग होती, फावल्या वेळचा उद्योग नव्हता. जर्मनीत झिलई म्हणजे रसायनाचा हिशोब. कोणती धातूभस्मं किती, कोणत्या तापमानाला, हे वजनात आणि आकड्यांत. आणि इंग्लंडमध्ये? रे फिंच यांनी विंचकम्बची पॉटरी मायकेल कार्ड्यू यांच्याकडून पुढे चालवली. तिथे रोजच्या वापरातली भांडी व्हायची. लीच यांनी हमादा शोजी या जपानी कुंभाराबरोबर १९२० साली सेंट आइव्हजला भट्टी घातली, आणि १९४० साली एक पुस्तक लिहिलं, ‘अ पॉटर्स बुक’. त्यात त्यांनी झिलईची प्रमाणं उघड दिली. कार्ड्यू तर पुढे आफ्रिकेत गेले आणि तिथलेच दगड, तिथलीच माती दळून भांडी करायला लागले.

ही परंपरा लक्षात ठेवा: कृती लपवायची नाही, आणि माल शक्यतो आपल्या पायाखालचा वापरायचा. पटवर्धनबाईंनी भारतात परत आणलं ते हे. लीचसारखी दिसणारी भांडी खूप जणांनी आणली, ती आणणं तुलनेनं सोपं होतं.

आता झिलईकडे वळू. झिलई म्हणजे ज्याला स्टुडिओत ग्लेझ म्हणतात. सोप्या शब्दांत, झिलई म्हणजे काच. भांड्याच्या अंगावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर. काच व्हायला मुख्य पदार्थ लागतो सिलिका, म्हणजे वाळूतला, गारगोटीतला पदार्थ. पण नुसती सिलिका वितळायला १७०० अंशांच्या वर उष्णता लागते. एवढ्या उष्णतेत भांडंच उरायचं नाही. म्हणून तिच्यात तिला लवकर वितळवणारं काहीतरी घालावं लागतं, चुना, पोटॅश, सोडा असलं. आणि तिसरं, हे मिश्रण वितळल्यावर भांड्यावरून ओघळून खाली जाऊ नये म्हणून त्याला धरून ठेवणारी थोडी माती. काच करणारं, वितळवणारं, धरून ठेवणारं. एवढं समजलं की झिलईचं निम्मं शास्त्र समजलं.

पटवर्धनबाईंचं नाव ज्या झिलईशी जोडलं जातं ती चून झिलई. चीनमधल्या हेनान प्रांतात सोंग राजवटीच्या काळात ही भांडी नावारूपाला आली. रंग दुधाळ निळा, पावसाळा संपताना आभाळ जसं उघडतं तसा. आता यातली गंमत बघा. हा निळा रंग कुणी घातलेलाच नसतो. त्यात कोबाल्ट नाही, नीळ नाही. वितळलेली झिलई हळूहळू थंड होताना तिच्यात दोन प्रकारच्या काचा एकमेकींपासून फुटून निघतात. तेलाचे थेंब पाण्यात राहावेत तसे एका काचेचे अतिसूक्ष्म थेंब दुसरीत अडकतात. हे थेंब इतके लहान असतात की प्रकाशातला निळा भागच जास्त विखुरतात. आकाश निळं दिसतं त्याच्यामागे कारण याच जातीचं आहे.

म्हणजे इथे सजावट करणारा हात कुठे आहे? कुंचला नाही, नक्षी नाही. हात आहे तो मिश्रण तोलण्यात. सिलिका भरपूर हवी, माती कमी हवी. थर जाड हवा. भट्टीत योग्य वेळी हवा कोंडायची, म्हणजे ज्वाळेला ऑक्सिजन कमी पडतो आणि ती मिश्रणातल्या लोहाकडून तो ओढून घेते. आणि मग थंड करताना घाई नको. यातलं एक जरी चुकलं तर निळ्याऐवजी पांढुरका राखाडी पापुद्रा मिळतो, नाहीतर झिलई ओघळून भांडं भट्टीच्या फळीला चिकटतं. मग छिन्नीनं काढा.

म्हणून मी म्हणते, ही सजावट भांड्यावर चढवलेली नाही, ती भांड्याबरोबरच घडते. मांडवाची उपमा इथे चालत नाही. झाडाची साल म्हणा हवं तर.

पण हे व्याख्यान म्हणजे नुसता गौरव नव्हे, तेव्हा दुसरी बाजूही सांगायला हवी. चून झिलई फार हुकमी बाई आहे. तिचा थर जाड असतो, त्यामुळे खाली बारीक कोरीव काम केलं तर ते बुजून जातं. ती कडांवर पातळ होते, तिथे तपकिरी रेघ दिसते, आणि पोटावर दाटते. तेव्हा तिला साधा, गोलसर, सलग घाट लागतो. अशा झिलईच्या मागे लागलेल्या कुंभाराचं एक नुकसान होऊ शकतं: घाट हा रंग दाखवायचं निमित्त होऊन बसतो. आपल्याकडच्या स्टुडिओ पॉटरीत हे पुष्कळ दिसतं. प्रदर्शनात जाऊन बघा. दहा वाडगे दहा झिलयांचे, आणि घाट मात्र एकच. नुसत्या पांढऱ्या चुन्यात रंगवून ठेवले तर एकातून दुसरा ओळखू येणार नाही.

याच्या अगदी उलट आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. तिथली जोर्वे पद्धतीची भांडी साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची. लाल अंग, त्यावर काळ्या रंगात रेघा, त्रिकोण, जाळी. झिलई नाही. पण तोटीचं भांडं, काटकोनात मोडलेल्या पोटाचा वाडगा, असे घाट इतके ठाम की रेघ कुठे थांबायची हे घाटच सांगतो. पोट मोडतं तिथे पट्टा संपतो. ही नक्षी घाटाचं ऐकते. चून झिलई घाटाकडून स्वतःचं ऐकून घेते. दोन्ही खऱ्या सजावटी आहेत, पण त्यांतला हा फरक समीक्षकानं बोलून दाखवला पाहिजे.

आता आपल्या मुलखात येऊ. झिलईला तीन गोष्टी लागतात म्हणाले ना: काच करणारं, वितळवणारं, धरून ठेवणारं. भोर-वेल्ह्यात त्या कुठे आहेत?

हा भाताचा मुलूख. गिरणीत भात भरडलं की तूस उरतं, भाताच्या वजनाच्या साधारण पाचवा भाग. ते तूस पूर्ण जाळलं की त्याच्या वजनाच्या सुमारे पाचवा भाग राख उरते. आणि त्या राखेत सिलिका किती? नव्वद टक्क्यांच्या आसपास. पांढरी होईपर्यंत जाळलेली तुसाची राख म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका, तीही अतिशय बारीक. जपानी कुंभार ही राख पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत, दुधाळ पांढऱ्या झिलईसाठी. चून झिलईला जी भरपूर सिलिका लागते ती तुमच्या भातगिरणीमागे ढिगानं पडलेली आहे.

वितळवणारं? तुम्ही राब भाजता. रोपं टाकायच्या आधी तरव्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून पेटवून देता. या लाकूडफाट्याच्या राखेत चुना भरपूर असतो, थोडं पोटॅश असतं, फॉस्फरसही असतो. म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या घरात दोन राखा, आणि स्वभाव अगदी उलटे. एक काच करणारी, दुसरी वितळवणारी. आपण दोघींनाही ‘राख’ म्हणतो आणि भांडी घासायला एकाच डब्यात ठेवतो.

धरून ठेवणारं? माती. पण इथे एक अडचण आहे. आपली लाल माती १२५० अंशांची स्टोनवेअरची भट्टी सोसत नाही. तिच्यात लोह जास्त, ती बसते, फुगते, शेवटी वितळते. म्हणून स्टुडिओवाले अंगाची माती बाहेरून मागवतात आणि ‘इथली माती कामाची नाही’ असं म्हणून मोकळे होतात. हे अर्धसत्य आहे. जी माती १२५० अंशांना वितळते ती त्याच तापमानाला झिलई होते! अंगासाठी नालायक ठरलेली माती कातडी म्हणून उत्तम चालू शकते, गडद तपकिरी, काळसर. आपल्या काळ्या दगडाचंही तेच. सह्याद्रीचा बेसाल्ट, खडी क्रशरवर त्याची भुकटी उडत असते. त्यात लोह आहे, चुना आहे, सिलिका आहे. साधारण १२०० अंशांच्या पुढे तो वितळतो. म्हणजे राजगड-तोरण्याचा कातळ भांड्याच्या अंगावर काळ्या काचेच्या रूपात बसू शकतो. हे मी काव्य म्हणून सांगत नाही, साधा हिशोब आहे.

आता पुस्तकाकडे. पटवर्धनबाईंचं ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ १९८४ साली आलं, आणि २००५ साली त्याचं नवं रूप, ‘न्यू हँडबुक फॉर पॉटर्स’. आपल्या देशात मिळणारा माल धरून काम करणाऱ्याला हाताशी ठेवता येईल असं हे पुस्तक. याचं महत्त्व कळायला त्याआधीची परिस्थिती आठवा. विलायती पुस्तकातली कृती घ्यावी तर त्यात तिकडच्या खाणीतलं फेल्डस्पार, तिकडची पांढरी माती. इथे ती मिळणार नाही आणि इथल्या मालानं तीच झिलई येणार नाही. आणि इथल्या जाणकाराला विचारावं तर तो हसून विषय बदलणार. झिलईची कृती ही लोणच्याच्या मसाल्यासारखी घराबाहेर न जाणारी गोष्ट. पटवर्धनबाईंनी आयुष्यभर तपासलेली प्रमाणं छापून टाकली. स्वतःची मक्तेदारी स्वतः मोडली. कलावंताच्या कारकिर्दीकडे बघताना आपण प्रदर्शनं आणि पुरस्कार मोजतो, पण ज्ञान वाटून टाकणं मोजत नाही. मला वाटतं त्यांच्या बाबतीत तेच आधी मोजायला हवं.

मग अर्धं का म्हणाले? दोन कारणं. एक, पुस्तक इंग्रजीत आहे. ज्याच्या घरात चाक आहे, आवा आहे, मातीची पिढीजात जाण आहे, त्याच्या हातात ते पडत नाही. ज्याच्या हातात पडतं तो बहुतेक शहरातला, उशिरा मातीकडे वळलेला माणूस. दुसरं कारण असं की कृती मिळाली की माणूस पुड्या विकत आणायला लागतो. अमुक पावडर चाळीस, तमुक पावडर तीस. पुस्तकामागची जी वृत्ती होती, आपल्या भोवतालचा माल ओळखून तपासायचा, ती मागे पडते आणि नुसती यादी उरते. हा पुस्तकाचा दोष नाही, वाचणाऱ्यांचा आहे. पण परिणाम तोच.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. कुंभाराच्या घरात बऱ्याच ठिकाणी बायका चाकावर बसत नाहीत. पण माती कोण मळतं, गेरूचा हात कोण देतं, ओलसर भांडं गारगोटीनं घोटून गुळगुळीत कोण करतं? बहुतेक वेळा घरातली बाई. म्हणजे भांड्याचं जे अंग आपल्याला दिसतं, ज्याला हात लागतो, ते बाईचं काम, आणि ‘कुंभार’ म्हणून नाव पुरुषाचं. पटवर्धनबाई चाकावरही बसल्या आणि अंगाच्या कामावर स्वतःचं नाव घालून पुस्तकही लिहिलं. हे त्यांना जमलं त्यात शिक्षणाचा आणि परिस्थितीचा मोठा वाटा होता, हेही तितकंच खरं. स्टुडिओ आणि कुंभारवाडा यांच्यामधली भिंत ओलांडता येतच नाही असं नाही. ब्रह्मदेव राम पंडित बिहारमधल्या कुंभार घरातले, भाईंदरला स्टुडिओ केला, २०१३ साली पद्मश्री मिळाली. पण असं उदाहरण सांगायला एकच नाव चटकन आठवावं, यातच सगळं आलं.

शेवटचा मुद्दा. अलीकडे बाजारात मडकी कशी येतात ते तुम्ही बघता. ऑइलपेंटनं रंगवलेली, वर सोनेरी नक्षी, आरसे चिकटवलेले. मडकं पाझरतं म्हणून पाणी गार होतं. पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. रंगानं ती भोकं बुजवली की मडकं मडकं राहत नाही, मातीची बादली होते. गेरूचा हात, घोटलेलं अंग, ही मडक्याची खरी सजावट होती, कारण ती मडक्याच्या कामाच्या आड येत नव्हती. हळदीकुंकवाचं सुगड, नवरात्रातला घट, बेंदराचे बैल, यांच्या अंगाची गोष्ट वेगळी. तिथे रंग हवाच, तो सणाचा भाग आहे. पण पाण्याच्या मडक्याला नको.

तेव्हा झिलई चांगली आणि साधं मडकं मागासलेलं, असला निष्कर्ष कृपा करून घरी नेऊ नका. चहाच्या कपाला झिलई हवी, कारण त्यानं पाझरू नये. मडक्याला ती नको, कारण त्यानं पाझरावं. वरचं अंग कसं हवं हे भांड्याच्या कामावरून, मातीवरून आणि भट्टीवरून ठरतं. पटवर्धनबाईंच्या कामातून मी हे शिकले. त्यांनी जे पुण्यात बसून देशभरातल्या मालासाठी केलं, ते कुणीतरी दोन तालुक्यांच्या मालासाठी करायला हवं: या गावची राख, त्या ओढ्याची माती, इतके अंश, हा रंग. मराठीत. चाळीस पानांची वही झाली तरी पुष्कळ.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: ताई, आमचं घराणं कुंभाराचं. मडकी उन्हाळ्यात चार महिने खपतात. झिलई शिकलो तर पैसे जास्त मिळतील का?

उत्तर: काका, खोटं आश्वासन देत नाही. आवा ७००–८०० अंशांपर्यंत जातो. राखेची झिलई वितळायला १२०० च्या पुढे जावं लागतं, म्हणजे गॅसची भट्टी, तिचा खर्च वेगळा. आणि आव्याच्या उष्णतेत चकाकी देणारं म्हणून कुणी शिशाचं मिश्रण विकलं, तर खाण्यापिण्याच्या भांड्याला ते अजिबात लावू नका, शिसं पोटात जातं. पण तुमच्याकडे जे आहे ते स्टुडिओवाल्याकडे नाही. कोणत्या शेतातली माती तडकते, कोणती धरते, हे तुम्हाला हाताला कळतं. माती आणि राख ओळखून, चाळून, सारख्या गुणाची करून देणं हाही धंदा होऊ शकतो. आज स्टुडिओवाले तो माल लांबून मागवतात. तिथून सुरुवात करता येईल असं मला वाटतं. मडकं मात्र सोडू नका.

प्रश्न: आम्ही कॉलेजची मुलं आहोत. राखेचा प्रयोग करून बघायचा तर कसा?

उत्तर: कुंभारांची एक जुनी सुरुवातीची कृती आहे: लाकडाची राख दोन भाग, फेल्डस्पार दोन भाग, माती एक भाग. तिथून निघा. एकच राख एकदम भरपूर गोळा करा, कारण पुढच्या वर्षीची राख वेगळी असेल. कोळसा काढा, चाळा. राख ओली झाली की हाताला चावते, तेव्हा हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा. भांड्याला लावू नका, मातीच्या छोट्या पट्ट्या करा. राखेचं प्रमाण थोडं थोडं बदलत दहा पट्ट्या, प्रत्येकीच्या मागे नंबर. पुण्यातल्या एखाद्या स्टुडिओला विनंती करा, त्यांच्या भट्टीत कोपऱ्यात दहा पट्ट्या मावतात. फक्त खाली एक जाड टाकाऊ फरशी ठेवा, ओघळलं तर त्यांची फळी खराब नको. आणि सगळं लिहून ठेवा, फसलेलंही. फसलेल्या पट्टीवरचा नंबर हरवला तर ती पट्टी वाया गेली असं समजा.